दर्ग्याची पायरी आणि दवाखान्याचा उंबरठा

प्रस्तावना

बारामतीहून नीरेकडे जाणाऱ्या रस्त्याने सोमेश्वर कारखान्याचा परिसर येण्यापूर्वी वडगाव निंबाळकर लागते. १८८५ साली वाहू लागलेल्या नीरा डाव्या कालव्याने ज्या टापूचे पीकपाणी, अर्थकारण आणि काही अंशी लोकस्वभावही पालटून टाकला, त्या टापूतले हे गाव. या भागात मुलाणी, तांबोळी, आतार, बागवान, शिकलगार, पिंजारी, शेख, सय्यद, इनामदार अशा आडनावांची मुसलमान कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेली आहेत. बलुतेदारीच्या जुन्या व्यवस्थेत मुलाण्याला गावगाड्यात हक्काचे स्थान होते. मशिदीच्या आणि दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेल्या इनाम जमिनींच्या सनदा पेशवे दफ्तरात जागोजागी आढळतात. आणि मोहरमच्या पंजांपुढे नवस बोलणाऱ्यांत हिंदू घरे अनेक गावी आजही असतात. या लोकांच्या धंद्यांविषयी, चालीरीतींविषयी आणि राजकारणाविषयी मराठीत थोडेबहुत लिहिले गेले आहे. परंतु त्यांच्यापैकी कोणाचे मन व्याधिग्रस्त झाले म्हणजे ते कुटुंब कोणाच्या दारी जाते, कोणत्या क्रमाने जाते, आणि त्याला आधार सापडतो तो कोठे व कितीसा, हा प्रश्न आपल्याकडे फार क्वचित विचारला गेला. पुढील पानांचा विषय तोच आहे, आणि त्याची पार्श्वभूमी सांगण्यापुरतेच येथे लिहावयाचे आहे.

या जाण्याचा क्रम बहुधा ठरलेला असतो. झोप उडालेल्या, जेवण तुटलेल्या, एकटक बघत बसणाऱ्या किंवा आपल्याशीच बोलू लागलेल्या माणसाची प्रथम नजर उतरविली जाते. मग मशिदीतल्या हाफिजसाहेबांकडून पाणी पढून आणले जाते, ताईत बांधला जातो. तेवढ्याने भागले नाही तर गुरुवारी दर्ग्याला नेण्यात येते. याच सुमारास कधीतरी गावातल्या डॉक्टरकडून अशक्तपणाचे सलाइन लावून होते. आणि मानसोपचारतज्ज्ञाचे नाव निघते ते सर्वांत शेवटी, दागिने गहाण पडल्यावर, पुष्कळदा रुग्णाने स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा केल्यावर. ही केवळ मुसलमानांचीच रीत आहे असे समजण्याचे कारण नाही. व्हीडा स्कल्टन्स या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी महाराष्ट्रातील एका महानुभाव मंदिरात रुग्णाबरोबर राहावयास आलेल्या कुटुंबांचा जो अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध केला, त्यातली हिंदू कुटुंबे याच वाटेने चाललेली दिसतात. बाळंतिणीच्या उशाशी लोखंड ठेवणारी आजी दोन्ही आळ्यांत एकाच भीतीने ते ठेवते. भेद असलाच तर तो पुढच्या टप्प्यावर, म्हणजे दवाखान्याच्या उंबरठ्यावर, अधिक जाणवतो. त्याकडे मी नंतर येईन.

या क्रमाला अज्ञान म्हणून मोकळे होणे सोपे आहे, आणि सुशिक्षित मराठी माणूस, मग तो कोणत्याही धर्माचा असो, बहुधा तसेच करतो. मला ते मान्य नाही. ज्या निंबाळकर घराण्याचे नाव या गावाने धारण केले आहे, त्याच घराण्याची लेक उमाबाई ही इंदापूरची जहागीर सांभाळणाऱ्या मालोजीराजे भोसल्यांना दिली होती. बराच काळ संतान झाले नाही, तेव्हा या दांपत्याने अहमदनगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला आणि पुढे झालेल्या दोन पुत्रांची नावे शहाजी व शरीफजी अशी ठेवली, असे परंपरा सांगते. छत्रपती शिवाजी महाराजांच्या आजीच्या मनात त्या वर्षांत काय चालले असेल याची नोंद कोणत्याही बखरीत सापडणार नाही. परंतु वंशवृद्धीसाठी आसुसलेल्या सरदारघराण्यातील निपुत्रिक सुनेला लोकांच्या नजरा काय सोसावयाला लावत असतील, हे समजण्यास बखरीची गरजही नाही. ती दर्ग्याला गेली, कारण तेथे तिचे दुःख उच्चारता येत होते आणि ते उच्चारल्याबद्दल तिला कोणी दोष देत नव्हते. चारशे वर्षांनंतर तिच्याच मुलुखातल्या बाया त्याच कारणासाठी तेथे जातात.

पुण्याच्या बापू ट्रस्टच्या संस्थापिका भार्गवी दावर आणि त्यांच्या सहकारी मधुरा लोहोकरे यांनी महाराष्ट्रातील दर्ग्यांचा अभ्यास करून २००९ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, त्याचे महत्त्व मला या दृष्टीने फार वाटते. मनावर झालेल्या आघातातून सावरण्याचे स्थान म्हणून दर्ग्याकडे पाहावे, आणि तेथे येणाऱ्यांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, अनुभवाला अंधश्रद्धेचे एक नाव देऊन निकालात काढू नये, अशी त्यांची भूमिका होती. दर्ग्यात ज्याला हाजरी म्हणतात, त्या अवस्थेत केस मोकळे सोडून घुमणारी बाई जे बोलते ते ऐकण्याजोगे असते: सासरचा मार, नवऱ्याने मनात आणले तेव्हा दिलेला तलाक, मेलेले मूल, दिराची वाईट नजर. घरात जे एक अक्षर तिला काढता येत नाही, ते येथे ती शंभर माणसांदेखत ओरडून सांगते, आणि ते जिनाच्या तोंडचे आहे असा सर्वांचा समज असल्यामुळे घरी परतल्यावर तिला त्याची शिक्षा होत नाही. तमिळनाडूतील एका मंदिरात राहिलेल्या ३१ रुग्णांची पाहणी बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या डॉक्टरांनी केली, ती २००२ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आली. कोणतेही औषध न घेता, केवळ काही आठवडे त्या शांत, आपुलकीच्या वातावरणात राहून त्या रुग्णांची लक्षणे सुमारे २० टक्क्यांनी कमी झालेली आढळली. यावरून देवळाने किंवा दर्ग्याने रोग बरा होतो असे कोणी अनुमान काढू नये. काढावयाचे ते एवढेच, की निवारा, सोबत आणि निंदेपासून सुटका यांना स्वतःचे असे औषधी मूल्य आहे, आणि ते आपल्या इस्पितळांनी जवळजवळ गमावले आहे.

दर्ग्याची दुसरी बाजू मी दडपणार नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या आश्रयाने चाललेल्या एका खासगी आश्रयगृहास पहाटे आग लागली, आणि खांबांना साखळदंडांनी जखडलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. त्यांच्यापैकी कोणालाही पळता आले नाही, कारण पळू नये म्हणूनच त्यांना बांधलेले होते. सर्वोच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. तरी सुमारे सतरा वर्षांनंतर, २०१९ च्या जानेवारीत, त्याच न्यायालयापुढे उत्तर प्रदेशातील बदाऊन येथल्या साखळबंद रुग्णांचा प्रश्न पुन्हा यावा लागला. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील सैलानी बाबांच्या दर्ग्यावर होळीच्या सुमारास भरणाऱ्या यात्रेत सर्व धर्मांची माणसे आपले मनोरुग्ण घेऊन येतात, नारळांची होळी पेटते, अंगावरचे कपडे अग्नीत टाकले जातात. आणि साखळीत बांधलेला माणूस तेथे पाहावयास मिळाला नाही असे सांगणारा यात्रेकरू विरळा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या ९५ व्या कलमाने मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही भूत उतरविण्याच्या मिषाने मारहाण करणे, दोरीने वा साखळीने बांधणे हा गुन्हा ठरविला आहे. या बाबतीत श्रद्धेची सबब चालू देता कामा नये. ज्या मुजावराच्या अंगणात साखळी आहे, त्याच्याशी संवाद करण्यापूर्वी ती साखळी सुटली पाहिजे.

परंतु येथेच महाराष्ट्रातील मुसलमानांच्या वाट्याला एक चमत्कारिक कोंडी आलेली आहे. हमीद दलवाई यांनी २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना केली. एका वाक्यात विवाह मोडला गेल्यामुळे उद्ध्वस्त झालेल्या बायांचे दुःख चव्हाट्यावर आणण्याचे श्रेय त्या मंडळाचे आहे, आणि मनोविकारांच्या कारणांचा विचार करणाऱ्या कोणालाही ते विसरता येणार नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आपल्या मुलाचे नाव दलवाईंवरून हमीद ठेवले, आणि ते डॉ. हमीद दाभोलकर पुढे साताऱ्यात मानसोपचारतज्ज्ञ झाले, या घटनेत मला विवेकवादी परंपरेची एक सुंदर संगती दिसते. अंगात येणे आणि झपाटणे यांच्यामागे आजार असतो, हे खेडोपाडी सांगत फिरण्याचे काम महाराष्ट्रात प्रथम या परंपरेने केले. दुसऱ्या दिशेने, गेल्या काही दशकांत गावोगाव पोहोचलेल्या धर्मशुद्धीच्या चळवळींनीही दर्ग्यावर बोट ठेवले. कबरीपुढे मागणे मागणे म्हणजे ईश्वराच्या एकत्वाला बाध आणणे, असे त्यांचे म्हणणे. विवेकवाद्याला दर्गा धार्मिक वाटतो म्हणून नको, आणि धर्मशुद्धीवाल्याला तो पुरेसा धार्मिक नाही म्हणून नको. या दोघांच्या मध्ये ती केस मोकळे सोडणारी बाई सापडते. तिला दर्ग्यापासून परावृत्त करण्यात दोघांनाही थोडेफार यश येते. पण तिच्या मनातले ओझे उतरविण्याची दुसरी जागा मात्र दोघांपैकी कोणी फारशी उभारलेली नाही. मशिदीत तिला बहुधा प्रवेश नसतो. मुंबईच्या हाजी अलीच्या गाभाऱ्यातसुद्धा मध्यंतरी स्त्रियांना मज्जाव झाला होता, आणि नूरजहाँ साफिया नियाज व झकिया सोमण यांच्या अर्जावर मुंबई उच्च न्यायालयाने २६ ऑगस्ट २०१६ रोजी निकाल दिला त्यानंतर तो दूर झाला. त्या खटल्याची चर्चा समान हक्काचा प्रश्न म्हणून झाली, आणि ती योग्यच होती. पण रडण्याची जागा परत मिळविण्याचाही तो खटला होता असे मला वाटते.

धर्मच आड येतो, असे जे सरसकट म्हटले जाते, त्याला इतिहासाचा आधार नाही. नवव्या-दहाव्या शतकांत होऊन गेलेल्या अबू झैद अल-बल्खी या पंडिताने शरीराच्या आणि मनाच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला, आणि त्याच्या मनोविषयक भागात क्रोध, भय, खिन्नता आणि वारंवार सतावणारे विचार अशा चार व्याधींची स्वतंत्र चिकित्सा केली. कारण ठाऊक असलेले दुःख आणि कारणावाचून दाटून येणारे दुःख यांतला भेद त्याने ओळखला, आणि दुसऱ्याचे मूळ शरीरात शोधावे असे सांगितले. सुदानचे मानसशास्त्रज्ञ मलिक बद्री यांनी या ग्रंथाकडे आमच्या काळात पुन्हा लक्ष वेधले. दमास्कसला ११५४ साली नूरुद्दीनने आणि कैरोला १२८४ साली सुलतान कलावूनने जी इस्पितळे बांधली, त्यांत मनोरुग्णांची सोय होती, आणि खर्च वक्फच्या उत्पन्नातून चाले. फार दूर जाण्याचेही कारण नाही. आपल्या दख्खनमध्येच, बीदरला, पंधराव्या शतकात अलाउद्दीन अहमदशहा बहामनीने शफाखाना उघडला, गावांचे उत्पन्न त्याला तोडून दिले, आणि तेथे हिंदू वैद्य व मुसलमान हकीम एकत्र नेमले, असे इतिहासकार नमूद करतात. औषधोपचार करून घेण्याची अनुज्ञा पैगंबरांच्या परंपरेत स्पष्ट आहे. बुद्धिभ्रंश झालेल्यावर नमाज-रोजाची जबाबदारी नाही, हे धर्मशास्त्राला मान्य आहे. आजाऱ्याला रमजानच्या उपवासातून सूट कुराणानेच दिलेली आहे.

असे असूनही खिन्न माणसाला त्याचे आप्त सांगतात की त्याचा ईमान कमजोर झाला, नमाज वाढव म्हणजे बरे वाटेल. नमाजेने बरे वाटणारे पुष्कळ आहेत, त्यांच्याविषयी वाद नाही. परंतु जो बिछान्यावरून उठूच शकत नाही त्याला हा उपदेश दुसरा आजार देतो, अपराधीपणाचा. पुत्रवियोगाने रडून रडून याकूब या पैगंबराची दृष्टी गेली, हे कुराणातच आहे, आणि त्याच्या श्रद्धेवर कोणी संशय घेतलेला नाही. पत्नी खदीजा आणि चुलते अबू तालिब एकाच वर्षी गेले, त्या सुमारे ६१९ सालाला मुस्लिम इतिहास शोकाचे वर्ष म्हणूनच ओळखतो. जुम्म्याच्या खुतब्यात हे प्रसंग एवढ्या एका हेतूने सांगितले गेले, तर कित्येक घरांतली कडी आतून उघडेल. इमामाचे महत्त्व दुसऱ्याही एका कारणाने आहे. वजू पुरी झाली नाही या शंकेने नळापाशी पुनःपुन्हा हातपाय धुणारा, नमाजेची नियत चुकली म्हणून ती दहादा आरंभणारा तरुण घरच्यांना अतिधार्मिक वाटतो, डॉक्टरला तर तो दिसतच नाही. त्याचा विकार प्रथम दिसतो तो मशिदीत. अल-बल्खीने हजार वर्षांपूर्वी ज्याचे वर्णन केले तो हा वसवसा आहे, त्याच्यावर आज औषध आणि समुपदेशन दोन्ही उपलब्ध आहेत, एवढे त्या इमामाला ठाऊक असणे पुरेसे आहे.

दारू आणि आत्महत्या या दोन गोष्टींवर मौन सर्वाधिक गडद आहे. ज्या समाजात मद्य निषिद्ध, तेथला व्यसनी आपले व्यसन दुप्पट कष्टाने लपवितो आणि त्याचे कुटुंब तिप्पट. म्हणून तो उपचारापर्यंत पोहोचतो तेव्हा यकृत पोखरलेले असते. १९८६ पासून पुण्यात चालणारे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सर्व धर्मीयांना उघडे आहे, पण तेथे जाणे म्हणजे जमातीपुढे कबुली देणे, ही भीती कोणत्याही फलकाने जात नाही. आत्महत्या किंवा तिचा प्रयत्न झाला तर विहिरीत पाय घसरला असे पंचनाम्यात लिहविले जाते. जनाजाची नमाज नाकारली जाईल हे भय त्यामागे असते, वास्तविक हनफी पंथासह बहुसंख्य शास्त्रकारांनी ती नाकारावी असे म्हटलेले नाही. पोलिसांचेही भय असते. परंतु २०१७ च्या कायद्याच्या ११५ व्या कलमानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्या माणसावर तीव्र मानसिक ताण होता असेच गृहीत धरावयाचे आहे, आणि त्याची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य ठरविले आहे. हे कलम मोहल्ल्यात अजून पोहोचलेले नाही.

आता दवाखान्याच्या उंबरठ्याविषयी. सुमारे शंभर किलोमीटरवरील येरवड्याचे मनोरुग्णालय हे या टापूतील लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेले एकमेव मानसोपचारस्थान. आणि येरवडा हा शब्द उपचाराच्या नव्हे, शिव्यांच्या कोशातला. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ सालचा, जिल्हा कार्यक्रम १९९६ चा; बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेलिमानसचा समुपदेशक मराठीतूनही बोलतो. म्हणजे साधने अगदीच नाहीत असे नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या मनोविकाराने त्या वेळी ग्रस्त आढळले, आणि त्यांतील बहुतांश उपचाराविना होते; पाहणीच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, ही आपल्या राज्यकर्त्यांनी मनावर घेण्यासारखी गोष्ट आहे. पण साधन असणे आणि ते आपल्यासाठी आहे असे वाटणे यांत अंतर असते. घरात दखनी बोलणारी बाई डॉक्टरपुढे पुस्तकी मराठीत आपले दुःख सांगू पाहते आणि अर्धे गिळून परत येते. रमजानात गोळ्या केव्हा घ्यावयाच्या हे तिला कोणी सांगत नाही, ती विचारत नाही, आणि महिनाभर औषध बंद पडते. ज्यांना लिथियम हे मनोविकारावरचे औषध चालू असते त्यांच्या रक्तात पाण्यावाचूनच्या दिवसांत त्याचे प्रमाण धोकादायक रीतीने चढू शकते, म्हणून हा प्रश्न रमजानच्या आधीच्या शाबान महिन्यातच डॉक्टरने आपण होऊन काढावयास हवा. आणि गेल्या काही वर्षांत मुसलमान नावाकडे पाहण्याची जी नजर देशात पसरली आहे, तिच्यामुळे 'मला कोणीतरी माझ्यावर पाळत ठेवतो असे वाटते' हे वाक्य सरकारी खोलीत उच्चारण्यास माणूस कचरतो, हेही लिहून ठेवले पाहिजे. त्यातले किती आजाराचे आणि किती अनुभवाचे, हे ओळखण्यासाठी ऐकणाऱ्याला मोहल्ला ठाऊक असावा लागतो.

गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातील उनावा गावी सय्यद अली मीरा दातार यांच्या दर्ग्यात या शतकाच्या पहिल्या दशकात 'दवा आणि दुवा' या नावाने जे काम सुरू झाले, ते आपण बारकाईने पाहावयास हवे. एक स्वयंसेवी संस्था, राज्य सरकारचे मानसोपचारतज्ज्ञ आणि दर्ग्याचे मुजावर एकत्र आले. मुजावरांना लक्षणे ओळखण्याचे शिक्षण मिळाले. दुवा मागून झाल्यावर त्यांनीच रुग्णाला आवारातल्या डॉक्टरकडे पाठवावयाचे असे ठरले. कोणाचीही श्रद्धा मोडावी लागली नाही, आणि ज्याने ताईत बांधला त्याच हाताने गोळी घे म्हटल्यामुळे ती गोळी घेतली गेली.

आपल्याकडे इंदापूरला चाँदशाहवलींचा दर्गा आहे, खेडोपाडी लहान लहान पिराची ठाणी आहेत, आणि गुरुवारी संध्याकाळी तेथे माणसे आपण होऊन जमतात. बारामतीच्या महाविद्यालयातील एक डॉक्टर आणि दखनी समजणारी एक समुपदेशिका महिन्यातून दोन गुरुवार अशा ठिकाणी येऊन बसली, तर त्यासाठी नव्या इमारतीची आवश्यकता नाही. दार लावून घेता येईल अशी एक खोली लागेल. नोंदवही कुलपात राहील याची हमी लागेल. महिनाभराची औषधे तेथल्या तेथे देता आली पाहिजेत, कारण दुसऱ्या दिवशी मजुरी बुडवून बारामतीला जाणे सर्वांना जमत नाही. ज्यांना एस.टी.चे भाडेही परवडत नाही त्यांच्यासाठी जमातीने जकातीतून काही रक्कम वेगळी ठेवावी, गरजू आजाऱ्यावर ती खर्च करण्यास शास्त्राची आडकाठी नाही. आणि मुजावराने पहिल्या गुरुवारी स्वतः उठून पहिल्या बाईला त्या खोलीपर्यंत पोहोचवून द्यावे.